अर्ध्या तासाचं टर्की सूप आणि त्याआधीचे सहा दिवस

दुसऱ्या मजल्यावरच्या आंटींचा गुडघा दुखत नसता, तर टर्की नावाच्या पक्ष्याशी माझा आयुष्यात संबंध आला नसता. आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या. गिरगावातल्या आमच्या इमारतीत त्यांचं बिऱ्हाड आमच्याही आधीपासूनचं. नाताळला त्यांच्याकडून कुलकुल आणि मिल्क क्रीमचं ताट येतं, दिवाळीला आमच्याकडून फराळाचं जातं. यंदा मुलगा, सून, नातवंडं कॅनडाहून येणार म्हणून त्यांनी २ डिसेंबरलाच क्रॉफर्ड मार्केटमधल्या एका दुकानात हजार रुपये आगाऊ भरून टर्की सांगून ठेवली होती. १८ तारखेला मुलाची रजा रद्द झाली. आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, असं पावतीवर छापलेलंच होतं. "आता घेऊनच येऊ, बाबा," आंटी म्हणाल्या. ते 'येऊ' माझ्यासाठी होतं.

२० डिसेंबर, शनिवार. जाताना गिरगाव स्टेशनवरून भुयारी मेट्रोने सीएसएमटीला गेलो, दहा रुपयांत. दुकानात पावती दाखवल्यावर दुकानदाराने वहीत आंटींचं नाव शोधलं, समोर टिक केली आणि फ्रीजरमधून दगडासारखा पक्षी काढून काट्यावर आपटला. ५ किलो ६०० ग्रॅम. आगाऊ धरून सगळे मिळून साडेचार हजार. परतताना मेट्रोच्या सामान तपासणीच्या यंत्रातून हे धूड काढायचा धीर झाला नाही, टॅक्सी केली. (वर्तमानपत्राची जाड घडी आणि दोन प्लास्टिक पिशव्या घरून न्या. दुकानातली पिशवी मेट्रो सिनेमापर्यंत टिकली.)

गोठलेली टर्की बाहेर ठेवून वितळवायची नाही. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ताटात. साधारण दोन किलोला एक दिवस असा हिशेब धरतात, म्हणजे हिला तीन दिवस. मुंबईत डिसेंबरच्या दुपारीसुद्धा पारा तिशीच्या वर जातो. ओट्यावर ठेवली तर वरचं मांस खराब व्हायला लागतं तेव्हा आत अजून बर्फच असतो. आंटींच्या फ्रिजमध्ये केक होते, त्यामुळे पक्षी आमच्या फ्रिजमध्ये आला. आई कुडाळची, वय ७८. तिने ताटावरचं फडकं उचलून पाहिलं आणि विचारलं, "ह्यो खयचो पक्षी? मोर तर नाय मा?"

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. टर्की मूळची अमेरिका खंडातली, आपल्याकडे आली ती पोर्तुगिजांच्या जहाजांतून. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून एक टर्की जहांगीर बादशहाकडे नेली. तिच्या डोक्या-मानेचे रंग सरड्यासारखे बदलतात याचं बादशहाला इतकं नवल वाटलं की त्याने मन्सूर या चित्रकाराकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याला 'पेरू' म्हणतात, हे सांगितल्यावर मात्र आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं इतिहासाचं प्रकरण आवरतं घेतलं.

२४ तारखेला बेकरी. आमच्यापैकी कोणाच्याही ओव्हनमध्ये हा पक्षी मावणार नव्हता. आंटी गेली तीस वर्षं जवळच्या बेकरीत भाजून घेतात. पूर्वी पाव निघाले की लाकडाच्या भट्टीची उतरती धग या कामाला वापरत. २०२५ मध्ये लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधनावर या, अशा महापालिकेच्या नोटिसा बेकऱ्यांना गेल्या. या बेकरीने गॅसचा ओव्हन बसवलाय, पण तो लहान आहे. त्यामुळे यंदा बाहेरची भाजणी फक्त पंचवीस. नियम गल्ल्याच्या वर चिकटवलेले: ट्रे आपला आणावा, सहा इंचांपेक्षा उंच नको, पक्षी पूर्ण वितळलेला हवा, पोटात सारण भरायचं नाही, नंबर हरवल्यास माल मिळणार नाही. चारशे रुपये रोख. तारेने बांधलेला पत्र्याचा बिल्ला मिळाला, १७ नंबरचा. मी नाव सांगायला लागलो तर मालक म्हणाले, "नाव नको. इथे पाच डिसोझा आहेत. सतरा लक्षात ठेवा."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला रांगेत चाळीस मिनिटं उभा राहून सतरा नंबर घेऊन आलो. जेवायला आंटी, त्यांची बहीण, बायको आणि मी. आई नाही, कारण २५ तारखेला गुरुवार होता. मार्गशीर्ष नुकताच सरला असला तरी गुरुवार तो गुरुवार. आमच्या घरात बुध-शुक्र-रवि, बाकीचे वार बंद.

चौघांनी कितीही खाल्लं तरी टर्की संपत नाही. साडेतीन वाजता आंटींनी ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घेऊन जा. माझ्या फ्रिजात जागा नाय, नि मी आता आठवडाभर हेच खाऊ काय?" आणि वर म्हणाल्या, "सूप कर. इटालियन. मुलगा करतो तिकडे, अर्ध्या तासात होतो."

तो अर्धा तास मी त्या रात्री अकरापर्यंत शोधत होतो.

शिजलेलं मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, बत्तीसच्या वर उकाडा असेल तर तासाच्या आत फ्रिजमध्ये, असा सर्वसाधारण नियम आहे. आंटींनी जेवण होताच ट्रे फ्रिजमधल्या केकच्या डोक्यावर कसाबसा कोंबला होता, म्हणून निभावलं. घरी आणून लगेच हाडांपासून मांस सोडवायला बसलो. मी सुरी घेतली. आईने पाच मिनिटं पाहिलं आणि बाह्या वर केल्या. मी म्हटलं, "आई, आज गुरुवार." ती म्हणाली, "वार खावक असता, हात लावक नाय."

तिने सुरी बाजूला ठेवली. पक्षी पालथा घातला. पाठीच्या कण्याला अंगठा लावून खाली खाली सरकवत नेला, मांडी जिथे जोडलेली असते तिथे थांबली, आणि अंगठा आत घालून वाटीतून खोबरं सुटावं तसा मांसाचा एक गोल तुकडा अख्खा बाहेर काढला. मग दुसऱ्या बाजूचा. शिंपल्यातल्या कालवासारखे दोन तुकडे, अख्ख्या पक्ष्यातले सगळ्यात मऊ. सुरीने कापत बसलो असतो तर ते हाडालाच राहिले असते. टर्की तिने जन्मात पाहिली नव्हती. "कोंबडेक पण हयच असतत," एवढंच म्हणाली. ते दोन्ही तुकडे बायकोला आणि मला उभ्याउभ्या खायला लावले.

मांस भरलं १ किलो ३५० ग्रॅम. छातीचं पांढरं एकीकडे, मांडीचं काळसर दुसरीकडे ठेवा. सूपला मांडीचं बरं. छातीचं मांस आधीच कोरडं असतं. अर्धं मांस त्याच संध्याकाळी पिशव्यांत सपाट भरून, तारीख घालून फ्रीजरमध्ये टाकलं. फ्रिजमधलं तीन-चार दिवसांत संपवायचं, फ्रीजरमधलं दोन-तीन महिने चालतं. चौथ्या दिवशी वास घेत 'चालेल का?' करण्यापेक्षा पहिल्या दिवशीच निम्मं गोठवलेलं बरं.

आता हाडं. सूपची चव सगळी यात आहे. नारळ फोडायच्या कोयत्याने सांगाड्याचे चार तुकडे केले, मोठ्या टोपात घातले, बुडेल इतकं थंड पाणी, एक कांदा सालासकट, एक गाजर, दहा-बारा मिरे. मीठ अजिबात नाही. भाजताना लागलेलं मीठ हाडांबरोबर उतरतं. तमालपत्र मी सवयीने उचललं होतं, ते परत ठेवलं. इटालियन लोक टाकतात ते पान वेगळ्या झाडाचं. आपल्या तमालपत्राला दालचिनीची झाक असते, आणि सूपचा पुलाव होतो. खळखळ उकळायचं नाही, कडेला बुडबुडे येतील एवढीच आच, नाहीतर पाणी गढूळ होतं.

साडेपाचला टोप चढवला. सात-दहाला गॅस गेला.

दुसरा सिलिंडर भरलेला आहे अशी माझी समजूत होती. तो रिकामा होता. नाताळची सुट्टी, एजन्सी बंद. फोनवर बुकिंग झालं, पण डिलिव्हरी 'लवकरात लवकर'. आंटींकडून इंडक्शनची शेगडी आणली. आमचा टोप ॲल्युमिनियमचा, तो तिच्यावर चालेना. कुकरही ॲल्युमिनियमचा. परत दोन मजले खाली, त्यांचा स्टीलचा कुकर. त्यात एका वेळी निम्मीच हाडं मावत होती, म्हणून दोन घाण्यांत काम झालं: एक शिट्टी झाली की आच कमी करून पाऊण तास, प्रत्येकी. (तुमच्याकडे आधीपासून कुकर असेल तर टोपाच्या नादाला लागूच नका.) सव्वादहाला गाळलं. पावणेतीन लिटर. बादलीत पाणी आणि बर्फ घालून त्यात टोप ठेवला, पळीने ढवळत निववलं आणि अकराला फ्रिजमध्ये ठेवलं. गरम टोप तसाच आत सारला की शेजारचं दूधसुद्धा नासण्याची पाळी येते.

सकाळी वर तवंगाची पिवळी साय आणि खाली थिजलेली जेली. पायाच्या सुपासारखी थरथरत होती. ते पाहून इतका आनंद झाला की ऑफिसला निघण्याआधी बायकोला झोपेतून उठवून दाखवली. तिचा आनंद कमी पडला.

२६ तारखेला, शुक्रवारी, ऑफिसमधून येताना उरलेली खरेदी. सेलरी इंग्लिश भाज्या विकणाऱ्याकडे मिळाली, जुडी चाळीस रुपये. गाजरं नारिंगी घ्या. डिसेंबरात लाल दिल्ली गाजर स्वस्त असतं, पण त्याने सूप हलव्याच्या वाटेला जातं. इटालियन लोकांच्या त्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याचा डबा सव्वादोनशेला होता. तो ठेवून दिला आणि वाण्याकडून पाव किलो पांढरा राजमा घेतला. तो त्या दिवशी उपयोगाचा नव्हता, आठ तास भिजावा लागतो. शुक्रवारी चवळीवर भागवलं, सकाळी आईने भिजत घातली होती. राजमा कुठलाही असो, नुसत्या कोमट आचेवर अर्धाकच्चा ठेवू नका, पोट बिघडतं. कुकरमध्ये नीट शिजवा. मॅकरोनी पासष्ट रुपये. पार्मेझान चीजचा तुकडा साडेतीनशेचा, या प्रकरणातला माझा सगळ्यात मोठा खर्च. काउंटरवर दोन मिनिटं उभा राहिलो, घेतला.

आठला सुरुवात केली. घाई होती, भूक लागली होती, आणि यूट्यूबवरची बाई म्हणत होती की सगळं एका भांड्यात घाला. कांदा-गाजर-सेलरी मोठ्या आचेवर तीन मिनिटं परतली, रस्सा ओतला, मांस घातलं, मॅकरोनी घातली, वीस मिनिटं उकळू दिलं. पावणेनऊला वाढलं. चव बरी होती, पण कांदा कच्चट लागत होता आणि मांसाचा पार चोथा झाला होता. दुसऱ्यांदा घ्यायला गेलो तर पातेल्यात पळी उभी राहिली. मॅकरोनीने सगळा रस पिऊन टाकला होता. आईने पळी हलवून पाहिली. "ह्याका सूप म्हणतत? ही खिमट झाली." तरी तिने संपवलं, वर लिंबू पिळून आणि लोणच्याबरोबर.

मधल्या दिवसांत सिलिंडरचं महाभारत. कनेक्शन अजून बाबांच्या नावावर आहे. नोंदवलेला मोबाइल नंबरही त्यांचाच, तो आता आईच्या बटणांच्या फोनमध्ये आहे. डिलिव्हरीचा कोड त्या नंबरवर येतो, आणि आई अनोळखी मेसेज पुसून टाकते. २७ ला माणूस सिलिंडर खांद्यावर घेऊन चार मजले चढला, कोड नाही म्हणून तसाच उतरला. त्याचीही चूक नव्हती, कोडाशिवाय त्याची नोंद पुढे सरकत नाही. २८ ला परत आला, या वेळी मी आईच्या शेजारी फोन धरून बसलो होतो. साडेआठशेच्या वर काही रुपये आणि दोन फेऱ्या चढल्याचे शंभर. नाव बदलायचा अर्ज मी दोन वर्षं लांबणीवर टाकलाय: मृत्यूचा दाखला, वारसांचं ना-हरकत पत्र, आधार, पत्त्याचा पुरावा. भावाची सही राहिली आहे. तुमचंही तसंच असेल तर आधी निदान मोबाइल नंबर तरी बदलून घ्या.

३१ तारखेला बुधवार. फ्रीजरमधलं मांस आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये उतरवलं होतं, राजमा मऊ शिजवून ठेवला होता. या वेळी आंटींना वर बोलावलं, गुडघ्यासाठी दर मजल्याला एक खुर्ची मांडून.

एक कांदा, दोन गाजरं, सेलरीचे दोन दांडे, सगळं मुगाएवढं बारीक. ऑलिव्ह तेल दोन मोठे चमचे. मंद आचेवर बारा मिनिटं, घड्याळ लावून. हे आपल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपासारखं खरपूस भाजायचं नाही. कांदा काचेसारखा झाला आणि गाजराने तेलाला रंग दिला की पुरे. मग लसणाच्या तीन पाकळ्या, दोन टोमॅटो किसून, ते आटेपर्यंत पाच मिनिटं. सव्वा लिटर रस्सा, वाटीभर राजमा, पैकी थोडा पळीने ठेचून. दाटपणा त्यानेच येतो, मैदा-कॉर्नफ्लॉवर काही नको. पार्मेझानचं टणक साल फेकायचं नाही, तेही रश्श्यात टाकायचं. दहा मिनिटं. बाजूला दुसऱ्या पातेल्यात मॅकरोनी वेगळी शिजवली, जरा कच्चीच. शेवटी पालकाची मूठभर पानं, तोडलेलं मांस पाव किलो, गॅस बंद, झाकण. मांस आधीच शिजलेलं आहे, रश्श्याला कड आलेला असताना आत जाऊन कडकडीत गरम झालं की बस. मीठ तेव्हा, चाखून. मॅकरोनी प्रत्येकाच्या वाडग्यात आणि वरून सूप.

बत्तीस मिनिटं लागली. म्हणजे आंटींचा मुलगा खोटं बोलत नव्हता, फक्त त्याने गुरुवारची रात्र मोजली नव्हती. अस्सल इटालियन माणूस माझ्या वाडग्याकडे पाहून नाक मुरडेल, हे मान्य. पण टस्कनीत कालचं भाज्यांचं सूप शिळा पाव घालून परत उकळतात आणि त्याला नावच 'पुन्हा उकळलेलं' असं देतात. फोडणीची पोळी खाऊन वाढलेल्या माणसाला तिथे परकं वाटायचं कारण नाही.

आंटींनी पहिला वाडगा न बोलता संपवला. मग मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा वाडग्यावर धरला. त्याने विचारलं, ओरेगॅनो घातलं का. मी म्हटलं, विसरलो. आंटी त्याला म्हणाल्या, "तू तिकडून बोलू नको. यायचं होतं."

माझ्या खिशाला एकूण बसले सुमारे आठशे, सिलिंडर सोडून. रश्श्याचा एक लिटरचा डबा फ्रीजरमध्ये उरला होता. त्यावर आईने चिकटपट्टी लावून 'मोठी कोंबडी' असं लिहून ठेवलं होतं.

२ जानेवारीला रात्री जेवायला कुळथाची पिठी होती. पहिल्या घासालाच मी थांबलो. पिठी नेहमीचीच, कोकम, लसणीची फोडणी, सगळं तेच, पण ओठ एकमेकांना चिकटत होते. उठून फ्रीजर उघडला. डबा नव्हता, तो धुऊन ओट्यावर पालथा घातलेला दिसला.

"आई, पिठीत काय घातलंस?"

"ता पाणी फ्रीजरात पडान होता," ती म्हणाली, "वापरलंय. भात घे आजून."